डिकीचे गॅस स्ट्रट बदलायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिकी वर थांबत नाही, या एका तक्रारीतून निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गॅस स्ट्रट म्हणजे उघडलेली डिकी पेलून धरणारा, आत दाबाखाली गॅस असलेला दांडा: त्याची जाड नळी म्हणजे सिलिंडर, आणि तिच्यातून आत-बाहेर होणारी बारीक सळई म्हणजे रॉड. हे काम अवघड नाही. चूक होते ती दोनच ठिकाणी: चुकीचा स्ट्रट घेतला जातो, किंवा डिकीला टेकू न देताच जुना काढला जातो. घाई असेल तर निदान प्रश्न 6, 10 आणि 11 वाचल्याशिवाय हत्याराला हात लावू नका.

1. डिकी उघडल्यावर हळूहळू खाली येते. स्ट्रटच गेलेत हे कसं ओळखायचं?

गाडी सपाट जागी उभी करा, डिकी पूर्ण उघडा आणि हात काढा. हात खाली धरूनच उभे राहा, कारण परीक्षा नापास झाली तर ती थेट डोक्यावर येते. डिकी जागची हलायला लागली, किंवा शेवटचा वीतभर टप्पा तुम्हालाच ढकलावा लागला, तर गॅस कमी झालाय. मग रॉड पाहा. सिलिंडरच्या तोंडाशी तेलकट, धूळ चिकटलेलं कडं दिसलं तर सील (रॉडभोवती गॅस अडवणारं कडं) गळतंय. रॉडवर गंजाचे ठिपके किंवा उभा ओरखडा असेल तर आज चांगला वाटणारा स्ट्रटही फार दिवस टिकायचा नाही.

पक्की खात्री हवी असेल तर डिकीला टेकू देऊन एक स्ट्रट काढा, रॉडचं टोक लाकडी फळीवर टेकवा आणि वरून सरळ रेषेत दाबा. चांगला स्ट्रट अंगाचा भार टाकला तरच थोडासा आत जातो. तळहाताच्या जोरावर सहज आत गेला आणि परत यायला कंटाळा करतोय असं दिसलं, तर निकाल लागला.

2. आत नेमकं काय असतं? चाकांचे शॉकर आणि हे एकच का?

नाही. चाकाच्या शॉकरचं काम उसळी जिरवणं. इथलं काम वजन उचलून धरणं.

बंद पोलादी सिलिंडरमध्ये खूप दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि थोडंसं तेल असतं. पिस्टनला बारीक भोक असल्यामुळे गॅस त्याच्या दोन्ही बाजूंना जातो आणि दाब दोन्हीकडे सारखाच राहतो. तरी रॉड बाहेर का ढकलला जातो? पिस्टनच्या एका बाजूची जागा रॉडने अडवलेली असते, तेवढ्या क्षेत्रफळावर गॅसला समोरून उत्तर मिळत नाही. 8 मिमी जाडीच्या रॉडचं क्षेत्रफळ साधारण 50 चौरस मिमी. आत 100 बार दाब असेल तर जोर होतो सुमारे 500 न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 50 किलो वजनाइतका. गाडीच्या टायरमध्ये हवा असते दोन-अडीच बार. हा फरक लक्षात ठेवा, प्रश्न 17 आणि 20 मध्ये उपयोगी पडेल.

तेल दोन कामं करतं: सील ओलं ठेवतं, आणि डिकी उघडण्याच्या शेवटी धक्का बसू देत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकू. स्ट्रट डिकीला वर ‘लॉक’ करत नाही. आत कुठलाही खटका नसतो, तो फक्त सतत ढकलत असतो. म्हणून तो एका दिवशी अचानक जात नाही, महिनोन् महिने कमजोर होत जातो आणि आपल्याला त्याची सवय होत जाते.

3. साधारण किती वर्षं टिकतात?

ठरावीक आकडा नाही. दिवसातून दहा वेळा डिकी उघडणाऱ्याचे लवकर जातात, उन्हात आणि धुळीत उभ्या राहणाऱ्या गाडीचेही. वर्षं मोजण्यापेक्षा प्रश्न 1 मधली तपासणी अधूनमधून करावी.

4. थंडीत डिकी खाली येते, उन्हात मात्र ठीक असते. मग स्ट्रट खराब म्हणायचे का?

उंबरठ्यावर आलेत म्हणा. तापमान उतरलं की गॅसचा दाब उतरतो, दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का. 20 अंशाला 450 न्यूटन देणारा नवा स्ट्रट शून्य अंशाला जेमतेम 420 देतो आणि 40 अंशाला 480 च्या आसपास. नव्या स्ट्रटमध्ये हा चढउतार पचवण्याइतकी शिल्लक ठेवलेली असते. थंडीत डिकी पडतेय याचा अर्थ ती शिल्लक संपली. उन्हाळ्यात पुन्हा बरी वाटेल, पण तो उन्हाचा गुण, स्ट्रटचा नाही.

5. एकच गळतोय. दुसरा ठणठणीत आहे. तरी दोन्ही बदलायचे?

हो. दुसराही तितक्याच वेळा उघडमिट झालेला आहे. शिवाय एका बाजूला पूर्ण जोर आणि दुसऱ्या बाजूला अर्धा, असं झालं की डिकी किंचित पिळली जाते. बंद डिकीच्या दोन बाजूंच्या फटी असमान दिसायला लागतात, बिजागऱ्यांवर तिरका ताण येतो. काही गाड्यांना मुळातच एका बाजूला एकच स्ट्रट असतो, तिथे अर्थातच हा प्रश्न उद्भवत नाही. मोटर असलेल्या डिकीचं गणित वेगळं, ते प्रश्न 15 मध्ये.

6. नवा कोणता घ्यायचा? जुन्यावरचा नंबर वाचता येतोय.

मग काम अर्धं झालं. सिलिंडरवर पार्ट नंबर आणि जोराचा आकडा छापलेला असतो. 450 सारख्या आकड्यापुढे इंग्रजी ‘एन’ अक्षर दिसेल, म्हणजे न्यूटन. आकड्याआधी एखादं शून्यही असू शकतं. हा जोर एका स्ट्रटचा असतो, जोडीचा नाही.

फक्त मॉडेलचं नाव सांगून मागवू नका. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांमध्ये, एकीला मागचा वायपर आणि स्पॉयलर, दुसरीला नाही, एवढ्यावरून जोर बदलतो. चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घेणं सगळ्यात खात्रीचं. मिळालेला स्ट्रट बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून या गोष्टी पाहा:

पूर्ण उघडलेल्या अवस्थेत एका सॉकेटच्या (स्ट्रटच्या टोकाची वाटी, जी गाडीवरच्या गोल बॉलवर बसते) मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. बाहेर दिसणाऱ्या रॉडची लांबी, म्हणजे साधारण त्याची चाल (तो किती आत-बाहेर होतो ते). रॉड आणि सिलिंडरची जाडी (8 मिमी रॉड आणि 18 मिमी सिलिंडर ही जोडी फार आढळते, जड डिकीला 10 आणि 22). सॉकेट कोणत्या मापाच्या बॉलवर बसतं, बहुतेकदा 10 मिमी, पण 8 आणि 13 मिमीही असतात. आणि टोकांचा प्रकार: सॉकेट, भोक असलेली पट्टी की कोनात वळवलेलं टोक.

लांबीत चूक झाली तर ती महागात पडते. उघडी लांबी जास्त असेल तर डिकी जरुरीपेक्षा वर जाऊन तिची कड छपराला घासते. मिटलेली लांबी जास्त असेल तर डिकी बंदच होत नाही, आणि जोर लावून बंद केलीत तर बॉल बसवलेला पत्रा वाकतो.

7. नंबर पूर्ण पुसला गेलाय, गाडीही जुनी. जोर किती हवा हे कसं काढायचं?

सामान मोजायचा लटकता काटा आणि टेप एवढ्यावर काढता येतं. मदतीला एक माणूस घ्या. दोन्ही स्ट्रट सोडवून डिकी आडवी, जमिनीला समांतर धरा आणि खालच्या कडेला काटा अडकवून तिचा भार वाचा. समजा काटा 12 किलो दाखवतोय आणि बिजागरीपासून ती जागा 1 मीटरवर आहे. म्हणजे डिकी बिजागरीभोवती साधारण 120 न्यूटन-मीटरने खाली खेचतेय. आता त्याच स्थितीत स्ट्रट जिथून जातो त्या रेषेचं बिजागरीपासूनचं काटकोनातलं अंतर मोजा. ते 16 सेंटीमीटर असेल तर 120 भागिले 0.16, म्हणजे 750 न्यूटन. दोघांत वाटले तर प्रत्येकी 375. त्यावर दहा ते वीस टक्के शिल्लक धरा: 410 ते 450.

गंमत बघा, 24-25 किलोची डिकी (कडेला काटा निम्माच भार दाखवतो, उरलेला बिजागऱ्यांवर असतो) उचलायला जोडीने 80-90 किलोचा जोर लागतो. स्ट्रट बिजागरीच्या इतका जवळ असतो की तरफ त्याच्या विरोधात काम करते.

8. थोडा जास्त ताकदीचा घेतला तर जास्त टिकेल ना?

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. जास्त जोराचा स्ट्रट जास्त टिकत नाही, सील तेच असतं. उलट डिकी खटका सुटताच उसळते, हनुवटीवर किंवा गॅरेजच्या खालच्या छतावर आदळते. बंद करताना लोंबकळावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिकी बंद असतानाही स्ट्रट आतून ढकलतच असतो. तो जोर बिजागऱ्या, बॉलभोवतीचा पत्रा आणि लॉक दिवसरात्र सोसतात. ज्या गाड्यांना डिकीऐवजी नुसती चौकट नसलेली काच उघडते, तिथे तर जास्तीचा जोर काचेवरच येतो. दहा टक्क्यांचा फरक खपून जातो. त्यापुढे जाण्यासाठी डिकीचं वजन खरोखर वाढलेलं असायला हवं.

9. स्पॉयलर बसवलाय. त्यासाठी तरी जास्त जोराचा हवा का?

वजन किती यापेक्षा ते कुठे बसवलं हे महत्त्वाचं. छपराच्या कडेचा 2 किलोचा स्पॉयलर बिजागरीपासून पंधरा सेंटीमीटरवर असतो. प्रश्न 7 मधलं गणित केलं तर प्रत्येक स्ट्रटवर 10 न्यूटनसुद्धा वाढत नाहीत. विसरून जा. तेच 2 किलो डिकीच्या खालच्या कडेला, बिजागरीपासून 90 सेंटीमीटरवर लावले तर प्रत्येकी 55 न्यूटनच्या पुढे वाढ होते, आणि आधीच थकलेला स्ट्रट तिथे हार मानतो. स्पॉयलर लावल्यापासून डिकी पडतेय अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा स्ट्रट आधीच गेलेले असतात आणि स्पॉयलरवर उगाच आळ येतो.

10. काम करताना डिकी कशाने टेकवायची? झाडूचा दांडा चालेल?

चालतो असं वाटतं, पण बारीक गोल दांडा कडेवरून घसरतो. सगळ्यात चांगला टेकू म्हणजे दुसरा माणूस, ज्याला दुसरं काहीच काम दिलेलं नाही. एकटे असाल तर जाड चौकोनी लाकूड, योग्य मापाला कापलेलं, दोन्ही टोकांना कापड गुंडाळून, गाडीच्या मजबूत भागावर टेकवलेलं. प्लास्टिकच्या आच्छादनावर नको. लाकूड अशा मापाचं हवं की डिकी पूर्ण उघड्या स्थितीपेक्षा केसभर वर राहील. त्याचं कारण प्रश्न 13 मध्ये.

आणि दोन्ही स्ट्रट एकदम काढू नका. एक काढा, नवा बसवा, मग दुसरा. (प्रश्न 7 मधली मोजणी हाच काय तो अपवाद, तिथेही मदतनीस हवाच.)

11. हत्यारं कोणती लागतात आणि क्लिप काढायची कशी?

बहुतेक गाड्यांना एक बारीक, चपटा स्क्रू ड्रायव्हर पुरतो, 3 ते 4 मिमी रुंदीचा. बॉलच बदलायचा असेल तर पाना किंवा टॉर्क्स बिट (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचं).

सुरुवातीला जुन्या स्ट्रटचा फोटो काढा: जाड बाजू कुठे, रॉड कुठे. मग सॉकेट नीट पाहा. काळ्या प्लास्टिकच्या सॉकेटच्या मागून पोलादी पट्टीची छोटी क्लिप आरपार गेलेली दिसेल. तिच्या मध्याखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक सरकवा आणि हलकेच उचला, तीन-चार मिमी, बास. क्लिप पूर्ण उपटायची नसते. उपटलीत तर ती उडते आणि डिकीच्या तळाशी गालिच्याखाली कुठेतरी जाऊन बसते. क्लिप उचललेली असतानाच दुसऱ्या हाताने सॉकेट बॉलवरून सरळ बाहेर ओढा, तिरकं पिरगाळू नका. ‘टक्’ करून निघतं. स्क्रू ड्रायव्हर घसरून रंगाला लागतो तो याच क्षणी, म्हणून आधी शेजारच्या पत्र्यावर कागदी टेप लावून ठेवा.

काही सॉकेट धातूची असतात आणि त्यांत तारेची पिन असते. तिचं वाकडं टोक फिरवून पिन बाजूला ओढली की सॉकेट सुटतं. काही ठिकाणी सॉकेट नसून सरळ बोल्ट असतो.

एक टोक सुटलं की स्ट्रट लटकतो आणि रंगावर आपटतो, तो हातात धरूनच दुसरं टोक सोडवा.

बसवताना बॉल पुसून घ्या, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, सॉकेट बॉलवर सरळ धरा आणि तळहाताने दाबा. नव्या सॉकेटची क्लिप बहुधा जागेवर असूनच बॉल आत जातो. आवाज आला तरी विश्वास ठेवू नका, ओढून पाहा. दोन्ही टोकं ओढून पाहिल्याशिवाय टेकू काढायचा नाही.

12. रॉड वर ठेवायचा की खाली?

जसा जुना होता तसा. सर्वसाधारण नियम रॉड खाली असा आहे, कारण मग तेल सीलपाशी जमतं, सील कोरडं पडत नाही आणि उघडण्याच्या शेवटी धक्काही बसत नाही. पण डिकी उघडताना स्ट्रट फिरतो, आणि काही गाड्यांत बंद व उघड्या स्थितीत त्याची दिशाच बदलते. गाडी बनवणाऱ्याने तो विचार केलेला असतो, म्हणून नियमापेक्षा तुमचा फोटो जास्त विश्वासाचा. नवे स्ट्रट काही दिवस ठेवावे लागणार असतील तर रॉड खाली करून उभे ठेवा.

13. नवा स्ट्रट दोनेक सेंटीमीटरने बसत नाही आणि हाताने दाबलाही जात नाही. चुकीचा आलाय का?

आधी डिकीकडे पाहा. बहुतेक गाड्यांत डिकी किती उघडायची ते स्ट्रटच ठरवतो. टेकू जरा आखूड असला की डिकी थोडी खाली राहते आणि पूर्ण ताणलेला नवा स्ट्रट लांब वाटतो. 45 किलोचा जोर हाताने दाबण्याचा नाद सोडा. डिकी थोडी वर उचला, सॉकेट आपोआप बॉलसमोर येईल. आणि रॉड पक्कडीने धरून ओढू नका. त्या चमकत्या पृष्ठभागावर नखाला लागेल एवढा ओरखडा पडला तरी तो दर उघडमिटीला सील कापत राहतो.

डिकी पूर्ण वर असूनही बसत नसेल, तर मापं प्रश्न 6 प्रमाणे पुन्हा तपासा.

14. नवे बसवले आणि आता डिकी बंद करायला जड जातेय.

आकडा जुन्याएवढाच असेल तर हे नव्याचं लक्षण. गाडी नवी असताना ती इतकीच जड होती. वरून निम्म्यापर्यंत स्ट्रट विरोध करतो, एका ठरावीक कोनानंतर वजन जिंकतं आणि डिकी स्वतःच खाली जाते. काळजी कधी करायची? उघडताना शेवटी धाडकन आवाज येत असेल तर, तो बहुधा स्ट्रट उलटा बसल्याचा. किंवा डिकी लॉकपाशी येऊन अडत असेल तर, ते मिटलेल्या लांबीचं प्रकरण. तिथे जोर लावू नका.

15. माझी डिकी बटणावर उघडते. तिथेही हेच करायचं?

नाही. मोटरच्या डिकीत एका किंवा दोन्ही बाजूंना स्ट्रटसारखाच दिसणारा भाग असतो, पण त्यात मोटर, लांब स्क्रू आणि गुंडाळी स्प्रिंग असते. तिथे साधा गॅस स्ट्रट लावायचा नसतो. काही गाड्यांत एका बाजूला मोटर आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगचा किंवा गॅसचा साधा आधार असतो, दोन्ही बाजूंचे भाग एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आधार थकला की डिकी अर्ध्यावर थांबते किंवा मागे फिरते, कारण वाढलेला भार तिला अडथळा वाटतो. लोक मोटर बदलायला निघतात, दोष मात्र दुसऱ्या बाजूच्या आधारात असतो. काम करण्याआधी स्वयंचलित उघडझाप बंद करा, आणि बदलल्यावर डिकीची उघडी-बंद स्थिती गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा शिकवा.

16. माझ्या स्ट्रटला बारीक वायर जोडलेली आहे, पण डिकी तर हातानेच उघडते.

मग तो स्ट्रट मागच्या काचेच्या हीटरला वीज पोचवतोय. काही गाड्यांत वायरऐवजी स्ट्रटमधूनच प्रवाह नेतात. तिथे त्याच प्रकारचा, टर्मिनल असलेला स्ट्रट हवा. साधा लावला तर डिकी छान थांबेल आणि काचेवरचं धुकं मात्र जाणार नाही. सुट्या राहिलेल्या वायरचं टोक पत्र्याला टेकलं तर फ्यूज उडेल ते वेगळंच.

17. जुन्यातच गॅस भरून मिळतो का?

डिकीच्या स्ट्रटला झडप नसते, तो कायमचा बंद केलेला असतो. भोक पाडून, गॅस भरून, झाळून देण्याचे प्रकार चालतात, पण मुळात गॅस गेला तो सीलमधून आणि सील तेच राहतं. गॅस पुन्हा जाणारच. वर प्रश्न 2 मधला दाब आठवा: झाळलेला सांधा डोक्यापाशी नको. उद्योगांत वापरले जाणारे काही स्ट्रट झडपेचे असतात, ती गोष्ट निराळी.

18. बॉलच गंजलाय, किंवा उपसून आलाय.

बॉल आट्यांचा असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि तो नवा बसवा. गंजलेल्या बॉलवर नवं सॉकेट महिन्यांत झिजतं. मागचा पत्रा फाटला असेल तर मात्र स्ट्रटचं काम थांबवा, आधी बॉडीवाल्याला दाखवा.

19. नवे येईपर्यंत काम कसं चालवायचं? आणि रॉडला तेल लावू का?

तेल लावू नका. त्यावर धूळ बसते आणि ती सीलमध्ये शिरते. ओल्या कापडाने पुसणं पुरे. कुरकुर येत असेल तर ती बॉल किंवा बिजागरीची असते, ग्रीस तिथे.

तात्पुरत्या आधाराला एक साधी युक्ती आहे. रॉडवर सैलसर बसेल असा प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घ्या, उघड्या रॉडच्या लांबीएवढा, आणि एका बाजूने उभा चिरा. डिकी पूर्ण उघडली की तो रॉडवर चढवायचा. सिलिंडर आणि टोकाच्या मध्ये तो अडतो आणि स्ट्रट मिटूच शकत नाही. बंद करताना आधी पाइप काढायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. लॉकिंग पक्कड रॉडला लावण्याचा सल्ला मिळेल, तो नाकारा. ओरखड्याचं कारण वर आलंच आहे.

20. काढलेल्या जुन्यांचं काय करायचं?

डिकी पेलत नव्हते म्हणून ते रिकामे झालेत असं समजू नका. निम्मा जोर गेला तरी आत पन्नास बारच्या आसपास दाब असू शकतो. कापू नका, भोक पाडू नका, जाळात टाकू नका, मुलांना खेळायला देऊ नका. भंगारवाल्याला देताना आत दाबाखाली गॅस आहे हे तोंडी सांगा आणि सिलिंडरवर मार्करने लिहूनही ठेवा, कारण पुढे तो कटरखाली घालणारा माणूस वेगळाच असेल.